दाराला चिकटवलेला एक केस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जेम्स बाँडच्या चित्रपटमालिकेचे सर्जनशील निर्णय घेण्याचा अधिकार २०२५ साली ॲमेझॉन एमजीएम या चित्रपट कंपनीकडे गेला आणि पुढच्या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचे नाव जाहीर झाले. तेव्हापासून सगळीकडे, आपल्या दैनिकातही, नवा बाँड कोण होणार याचीच चर्चा वाचायला मिळते. माझ्या मते त्याआधी हा नवा माणूस पडद्यावर नेमके काय काम करणार, हे विचारायला हवे. असे वाटण्याचे कारण म्हणजे या मालिकेतला पहिला चित्रपट, १९६२ सालचा ‘डॉ. नो’, गेल्या आठवड्यात मी नातीबरोबर पुन्हा पाहिला.

महाविद्यालयात असताना मॅटिनीला पाहिलेल्या या चित्रपटातले माझ्या लक्षात राहिले होते ते समुद्रातून बाहेर येणारी नायिका आणि अंगावर चढणारा कोळी, एवढेच. या खेपेला मात्र नातीने एका अगदी साध्या प्रसंगाशी चित्रपट थांबवला आणि विचारले, “आजोबा, हा केस कशाला चिकटवतोय?” जमैकातल्या किंग्स्टनच्या हॉटेलातल्या खोलीत बाँड एकटा आहे. तो बॅगेच्या कड्यांवर पावडर भुरभुरवतो, मग डोक्यावरचा एक केस उपटून, त्याला थुंकी लावून कपाटाच्या दोन दारांच्या फटीवर आडवा चिकटवतो आणि निघून जातो. तो परत येतो तेव्हा केस जागेवर नसतो. खोलीत कोणी तरी येऊन गेले, हे त्याला कळते आणि त्याच क्षणी आपल्यालाही कळते. या प्रसंगाला ना संवाद लागला, ना यंत्र. पुढच्या चित्रपटांत बाँडला मोटारी, घड्याळे आणि नाना उपकरणे मिळाली. इथे प्रमुखाच्या दालनात त्याची जुनी पिस्तूल काढून घेऊन दुसरी दिली जाते, निघताना मिळते ती तेवढीच सरकारी मदत.

खलनायकाचा हस्तक असलेल्या प्राध्यापक डेंटचा प्रसंगही याच जातीचा आहे. बाँड अंथरुणात उशा रचून माणूस झोपल्याचा भास निर्माण करतो आणि अंधाऱ्या खोलीत पत्त्यांचा डाव मांडून वाट पाहत बसतो. डेंट येतो, बिछान्यावर सहा गोळ्या झाडतो आणि पुढे पुन्हा पिस्तुलाचा घोडा ओढतो, तेव्हा बाँड शांतपणे त्याला सांगतो की तुझ्या सहा गोळ्या केव्हाच संपल्या आहेत. नंतर तो त्या निःशस्त्र माणसाला ठार मारतो. हे दृश्य आजही अंगावर येते आणि ते तसेच यायला हवे, कारण हेराचा धंदा किती निर्दय असतो हे दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी इथे लपवलेले नाही. पण त्या निर्दयपणाच्याही आधी बाँडने गोळ्या मोजलेल्या आहेत, हे विसरता येत नाही. बाँड झालेल्या शॉन कॉनरीचा रुबाब लोकांनी उचलला. त्या रुबाबामागची बारीक नजर मात्र हळूहळू मागे पडली.

हा चित्रपट सुमारे दहा लाख डॉलरमध्ये झाला. हात आखडता असला की डोके चालवावे लागते, याचा पुरावा म्हणजे नेपथ्यकार केन ॲडम यांनी उभारलेली, विषारी कोळ्याच्या पिंजऱ्याची खोली. जवळजवळ रिकामी जागा, एक खुर्ची, टेबलावर पिंजरा आणि छतात एक मोठी गोल जाळी, जिची सावली जमिनीवर पडते. खलनायक डॉ. नो तिथे दिसतच नाही, फक्त त्याचा आवाज ऐकू येतो. त्याचा चेहरा पाहण्यासाठी बराच वेळ थांबावे लागते, आणि त्या थांबण्यानेच धाक वाढतो. त्याच खलनायकाच्या घरात जिन्यापाशी बाँड एका चित्राकडे वळून बघतो. ते गोयाने काढलेले ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे चित्र आहे. मूळ चित्र ऑगस्ट १९६१मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतून चोरीला गेले होते आणि १९६५पर्यंत सापडले नव्हते. तेव्हाच्या लंडनकर प्रेक्षकाला त्या एका नजरेत सगळे कळले असणार.

इतकी बारीक नजर असलेल्या या चित्रपटाला एक माणूस मात्र दिसत नाही, आणि मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते त्याच्याविषयी. क्वॉरल हा बाँडला मदत करणारा, केमन बेटांवरचा मासेमार. त्याची नाव, त्याची समुद्राची ओळख आणि त्याचे धाडस नसते तर बाँड क्रॅब की या डॉ. नोच्या बेटावर पोहोचलाच नसता. तरीही बाँड त्याला आपले बूट आणायला सांगतो. इथे नातीने पुन्हा विचारले, “तो स्वतः का नाही आणत?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. क्वॉरल त्या बेटावरच्या ड्रॅगनला घाबरतो तेव्हा त्याच्या भीतीकडे अंधश्रद्धा म्हणून पाहिले जाते. तो ड्रॅगन म्हणजे डिझेलवर चालणारे, आग ओकणारे वाहन निघते आणि त्याच आगीत क्वॉरल जळून मरतो. त्याच्या मरणापाशी कथा क्षणभर थांबते आणि पुढे निघते. जमैका ६ ऑगस्ट १९६२ रोजी स्वतंत्र झाली आणि ५ ऑक्टोबरला लंडनमध्ये हा चित्रपट प्रथम दाखवला गेला, म्हणजे पडद्यावरचा तो गोऱ्या साहेबांचा वसाहती कारभार तोवर इतिहासजमा झालेला होता. चिनी आई आणि जर्मन बाप असलेल्या डॉ. नोच्या भूमिकेत कॅनडात जन्मलेले जोसेफ वाइजमन, तर त्याची साथीदार मिस टॅरोच्या भूमिकेत ब्रिटिश अभिनेत्री, दोघेही डोळ्यांना रंगभूषा करून उभे आहेत, हेही आता डोळ्यांना खुपते.

आणि ती धून! ती ऐकली की कोणालाही बाँड आठवतो, पण तिचे मूळ फार थोड्यांना ठाऊक आहे. संगीतकार माँटी नॉर्मन यांनी व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरील संगीतिकेसाठी एक गाणे रचले होते. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या माणसाचे ते गाणे, अपशकुनी शिंक घेऊन जन्माला आल्याचे गाऱ्हाणे मांडणारे. माशी शिंकली म्हणणाऱ्या आपल्या लोकांना ते चटकन समजावे. ते गाणे नॉर्मन यांनी बाजूला ठेवून दिले होते. ‘डॉ. नो’साठी त्यांनी तीच चाल पुन्हा हाती घेतली, जॉन बॅरी यांनी तिची वाद्यरचना केली आणि व्हिक फ्लिक यांच्या गिटारवर ती जगभर गेली. ऊसमळ्यांत राबायला नेलेल्या आपल्या माणसांच्या वंशजांसाठी सुचलेले सूर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध इंग्रज हेराची ओळख झाले, आणि हे सांगणारा एकही शब्द पडद्यावर नाही.

बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांच्या पुस्तकांच्या २०२३च्या आवृत्त्यांत काही वांशिक शब्द बदलण्यात आले. चित्रपटाच्या बाबतीत कोणी तसे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बुटांचा तो संवाद कापला, तर माझ्या नातीला पडलेला प्रश्न पुढच्या मुलीला पडणारच नाही. आमच्या गावच्या फिल्म सोसायटीला मी पत्र दिले आहे की ‘डॉ. नो’ अखंड दाखवावा आणि सुरुवातीला दहा मिनिटे क्वॉरलविषयी व त्या धुनेविषयी मराठीत बोलावे. आपल्या रविवार पुरवणीनेही नव्या नटाच्या नावाची वाट न पाहता या पहिल्या चित्रपटाला एक पान द्यावे. लेखासोबत छायाचित्र निवडायचे झाल्यास नायिकेचे नको, क्वॉरलचे छापावे.

आपला,
एक नियमित वाचक