कोऱ्या कागदावर सही करू नका, बाबा

धारवाड

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, लेकरांचा जीव घेणाऱ्यांना हिंडलग्याच्या तुरुंगात नेऊन लटकवावं आणि विषय संपवावा. तुमचा राग मला कळतो. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्यांच्यासमोर बोलायला माझीही जीभ रेटत नाही. तरीही फाशी नको असंच माझं मत आहे. खटल्यांच्या फायलींत तपास कसा होतो ते रोज दिसतं, म्हणून.

नाशिकचं २००३ चं प्रकरण बघा. रात्री एका कुटुंबावर दरोडा, खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली; हायकोर्टानं तिघांची जन्मठेप केली; २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सगळ्यांना फाशी. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? वाचलेल्या बाईनं घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या फोटोंच्या फायलीतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही. हा पुरावा कुठून नव्यानं सापडलेला नव्हता, पहिल्यापासून कागदपत्रांत पडून होता. सोळा वर्षं गेली, प्रत्येकी ५ लाख भरपाई मिळाली. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. २००९ नंतर पटापट फाशी झाली असती, तर २०१९ चा निकाल कुणाला वाचून दाखवायचा होता?

दिल्लीजवळच्या निठारीतल्या मुलांच्या हत्यांमधल्या आरोपीची फाशी सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये कायम केली. सप्टेंबर २०१४ मध्ये मेरठच्या तुरुंगात तयारी झाली होती, मध्यरात्री स्थगिती मिळाली. त्याच खटल्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याला निर्दोष ठरवलं. साठ दिवस पोलीस कोठडीत ठेवल्यावर घेतलेला कबुलीजबाब कोर्टाला विश्वासार्ह वाटला नाही.

"खटले लवकर चालवा" असंही तुम्ही म्हणता. खांडव्याला २०१३ मध्ये असाच चालवला. ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले, आणि दोन आठवड्यांच्या आत फाशीचा निकाल. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द करून सांगितलं की अशा खटल्यात वकिलाला तयारीला निदान सात दिवस द्या. फेरखटल्यांनंतर २०२४ मध्ये तो माणूस सुटला. उशीर मलाही नको आहे, बाबा, पण ही घाई न्यायाची नव्हती.

मग गुन्हेगाराला मोकळं सोडायचं का? मुळीच नाही. २००८ मध्ये बेंगळुरूच्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं सूट न देता मरेपर्यंत तुरुंगात ठेवण्याची शिक्षा दिली. समाज सुरक्षित राहतो, आणि चूक उघडी पडली तर दार उघडता येतं. विधी आयोगानंही २०१५ मध्ये, दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून, फाशी रद्द करायची शिफारस केली होती.

आता तुमच्या हातातलं सांगते. निवृत्त मास्तर म्हणून तुम्हाला पंच व्हायला बोलावतात. ही सही मोठी असते, खटला त्यावर उभा राहतो. पंचनामा कानडीत लिहिला असेल, तर शब्दन् शब्द मराठीत समजावून घ्या. आरोपी लपवलेली वस्तू "दाखवतो" म्हणाला असेल, तर त्याचे शब्द जागेवर जाण्याआधी, तुमच्यासमोर लिहिलेले हवेत. आधीच सगळ्या गावानं पाहिलेल्या जागेवरून वस्तू "काढून दिली" म्हणणं फसवं आहे. कापड, चाकू, रक्ताचा नमुना, जे काही असेल ते तुमच्यासमोरच पाकिटात घालून लाखेचं सील करायला लावा. सही करताना तारीख आणि वेळ स्वतः घाला. कोऱ्या कागदावर तर कधीच नको. नव्या कायद्यानं जप्तीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे. ते कोण करतंय, विचारा. आणि डीएनएचा नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये बजावलंय. पोलीस ठाण्यात पडून राहिलेल्या, सील सैल झालेल्या पाकिटावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

आई, तुझ्या महिला मंडळात हे नक्की सांग: गावातल्या कुणाला उचललं, तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करावी लागत नाही, कायदाच तसं सांगतो. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. १५१०० वर फोन करायचा. घरच्यांनी पहिल्याच दिवशी करायचा, चार्जशीट आल्यावर नाही.

बाबा, पुढच्या वेळी पंचनाम्याला बोलावलं तर जाण्याआधी मला फोन करा.

तुमची लेक