पस्तीस समित्यांचं काम दीड वाक्यात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत परदेशातून येऊन अमेरिकेच्या राजकारणात शिरलेल्यांवरचा लेख वाचला. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आधी मिशिगनच्या विधिमंडळात आणि मग काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, गेले, इथवर ठीक. पण पुढे अमेरिकेचा अर्थमंत्री झालेल्या अल्बर्ट गॅलाटिनला लेखकांनी दीड वाक्यात उरकलं, आणि त्यातही ‘नागरिकत्वाची बाब लपवल्यामुळे सिनेटमधून काढलं’ असं ठोकून दिलं. त्याने काहीही लपवलं नव्हतं. निवडीआधी सहकाऱ्यांच्या बैठकीत आपल्या पात्रतेबद्दलची शंका त्याने स्वतःच बोलून दाखवली होती. सिनेटरला, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाच्या सदस्याला, नऊ वर्षांचं नागरिकत्व लागतं आणि त्याने व्हर्जिनियात नागरिकत्वाची शपथ घेतली होती १७८५ मध्ये; नऊ वर्षं भरली नव्हती. त्यावर बोट ठेवून २८ फेब्रुवारी १७९४ रोजी १४ विरुद्ध १२ मतांनी त्याची निवड रद्द झाली. यात लबाडी कुठे आली?

मला जास्त लागलं ते पुढचं. पेनसिल्व्हानियाच्या विधिमंडळातली त्याची वर्षं लेखकांनी ‘पहिली पायरी’ म्हणून सोडून दिली. जिनिव्हात जन्मलेला, एकोणिसाव्या वर्षी घर सोडून आलेला हा माणूस. १७८९ मध्ये लग्नानंतर काही महिन्यांतच बायको गेली, मायदेशी परतायचा विचार सुरू झाला, आणि १७९० मध्ये फेएट काउंटीच्या लोकांनी त्याला निवडून दिलं. डोंगरापलीकडच्या त्या मुलखातून तो फिलाडेल्फियाला जायचा. उच्चार शेवटपर्यंत फ्रेंच वळणाचा राहिला. १७९१-९२ च्या अधिवेशनाबद्दल त्याने स्वतः लिहून ठेवलंय, की तो ३५ समित्यांवर होता, सगळे अहवाल त्यानेच तयार केले आणि सगळ्या विधेयकांचे मसुदेही त्यानेच लिहिले. राज्याच्या जमाखर्चावरच्या अहवालाने त्याचं नाव झालं. त्याचा गट अल्पमतात असतानाही याच विधिमंडळाने त्याला ४५ विरुद्ध ३७ मतांनी सिनेटवर पाठवलं. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने त्याला अर्थमंत्री केलं ते पुढे १८०१ मध्ये. पण हिशोबावरचा त्याचा हात बसला तो या समित्यांच्या खोल्यांत.

मी एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं टिपण्या लिहिल्या. १९८७ सालच्या टंचाईत एका समितीचा अहवाल रात्री जागून मी लिहिला. गावोगावच्या विहिरींची पातळी, टँकरच्या फेऱ्या, सगळं फुलस्केपवर, मार्जिन सोडून. साहेबांनी पेन्सिलीने दोन शब्द बदलले आणि पुढच्या आठवड्यात तो अहवाल त्यांचा झाला. माझी कच्ची प्रत लाल टॅग लावून अजून माझ्या कपाटात आहे. ज्याने आयुष्यात एकही मसुदा लिहिलेला नाही, त्याला ३५ समित्या म्हणजे काय ते कळणार नाही. एका समितीचा अहवाल पुरा करताना माणूस पिळून निघतो.

गॅलाटिन निर्दोष होता असं माझं म्हणणं नाही. दारूवरच्या कराविरुद्ध १७९२ मध्ये पिट्सबर्गला सभा झाली, तिचा तो चिटणीस होता आणि तिथले ठराव जहाल होते. दोन वर्षांनी त्या भागात बंड उसळलं. पुढे १७९५ च्या जानेवारीत पेनसिल्व्हानियाच्या त्याच विधिमंडळात उभं राहून त्याने सांगितलं, की ते ठराव हे माझं एकमेव राजकीय पाप. भर सभागृहात असं कबूल करणारे किती असतात? लिहायचंच होतं तर हे लिहायला हवं होतं.

आणि फोटो! ‘गॅलाटिन’ म्हणून छापलेलं चित्र हॅमिल्टनचं आहे. दोघंही परदेशात जन्मलेले, दोघंही अर्थमंत्री, पण माणसं वेगळी आणि त्यांचं राजकारण एकमेकांच्या विरुद्ध. पुरवणी छापायला जाण्याआधी कुणी बघतं की नाही?

चुकीची दुरुस्ती पुरवणीतच, त्याच पानावर, वाचता येईल अशा अक्षरात छापा. गेल्या महिन्यात मी दाखवलेली चूक तुम्ही आठव्या पानावर निविदांच्या जाहिरातींखाली तीन ओळींत छापली होती. ती माझ्या घरातसुद्धा कुणाला सापडली नाही.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, सातारा