प्लेटलेट वाढल्या, मनाचे काय?

डेंग्यूतून उठलेल्या रुग्णांच्या आहारावरील आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. किवी, ड्रॅगन फ्रूट आणि पपईच्या पानांचा रस यांवर त्यात बराच मजकूर आहे. ताप उतरल्यावर काहींना आठवडेच्या आठवडे छळणारा थकवा, त्यासोबतची उदासी, चिडचिड, उडालेली झोप यांवर एक ओळही नाही. प्लेटलेटची संख्या बहुतेकांत काही दिवसांत आपोआप सावरते. मग घरचे निर्धास्त होतात आणि तोंडाला चव नसलेला रुग्ण चहा-बिस्किटांवर दिवस काढू लागतो. खरी काळजी तेव्हापासून घ्यायला हवी.

आहाराचा मनाशी संबंध ही नुसती आजीबाईंची समजूत नाही. ऑस्ट्रेलियात नैराश्याच्या ६७ रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भाज्या, कडधान्ये, फळे, मासे अशा आहाराचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात सुमारे ३२ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले. केवळ गप्पांची सोबत मिळालेल्या गटात ८ टक्के. चाचणी लहान होती आणि ते रुग्ण डेंग्यूचे नव्हते, हे मान्य. तरी मुगाचे वरण, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, दही, अंडे यांत बहुतेकांना अपाय काही नाही, आणि खर्च त्या किवीहून कमीच.

अर्थात, उदासी दोन आठवड्यांहून लांबली तर डॉक्टरांकडेच जायला हवे. म्हणूनच रुग्णाला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर आहाराच्या चार ओळी आणि 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रुग्णालयांनी छापावा.

– एक वाचक, सांगली