आई-बाबा, पहिला पाऊस घराला एकट्यानं झेलू दे

दापोली, २९ मार्च

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

नव्या घराचा स्लॅब चांगला झालाय. पाणी नीट मारलं जातंय. विहिरीला अजून पुरेसं पाणी आहे. एवढं आधी लिहिते, म्हणजे बाबा पुढचं शांतपणे वाचतील.

आता जे फोनवर सांगायला धीर झाला नाही ते. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत करायची नाही, असं मी ठरवलं आहे. गुरुजींना कालच कळवलं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त ते काढून देणार आहेत. म्हणजे अजून एक पावसाळा तुम्हाला दादाकडे डोंबिवलीतच काढावा लागेल. आई, दिवाळीपासून तू "मेपर्यंतच काय ते" असं म्हणत दिवस ढकलते आहेस, ते मला ठाऊक आहे. म्हणून कारणं सगळी लिहिते. रागवायचं तर रागवा, पण पत्र पुरतं वाचून.

स्लॅब २० तारखेला टाकला, आज नववा दिवस. आपला सगळ्यात मोठा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, १४ फुटांचा. एवढ्याला स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी आणि बीमखालचे १४ दिवसांनी काढले तरी चालतात, पण तो हिशोब साध्या सिमेंटचा. आपलं राखमिश्रित, पीपीसी. ते मागाहून चांगली ताकद धरतं, पण सुरुवातीला सावकाश. म्हणून १० एप्रिलपर्यंत, पूर्ण २१ दिवस, मी एकाही टेकूला हात लावू देणार नाही. सेंटरिंगवाल्याला प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्या आहेत, रोज येऊन विचारतो. चार दिवसांचं भाडं जास्त गेलं तर जाऊ दे.

त्यानंतर मृगापर्यंत हातात उरतात जेमतेम आठ आठवडे, आणि तेही आंब्याचे. निम्मी माणसं बागांत असणार. एवढ्यात छप्पर, गिलावा, लाद्या, वायरी आणि रंग असं सगळं बसवायचं म्हटलं तर बसेलही, पण ओलं घर बंद करून बसेल. गिलाव्याला ७ दिवस पाणी मारायचं, मग महिनाभर तरी उघडं सुकू द्यायचं, तेव्हा रंग. मेअखेर रंग मारून जूनमध्ये खिडक्या लावून घेतल्या, तर भिंतीत राहिलेली ओल बाहेर पडायला जागाच नाही. जुलैत कोपऱ्यांत, कपाटामागे, पलंगाच्या उशाशी काळी बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो. बाबा, त्या हवेत तुमचा दमा मला नको आहे. आधीच्या पावसाळ्यात नेब्युलायझरवर काढलेल्या रात्री मी विसरलेले नाही. एवढं एकच कारण असतं तरी मी हेच ठरवलं असतं.

म्हणून क्रम बदलला. आता फक्त छप्पर, दारं-खिडक्यांच्या चौकटी आणि न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग. जून-जुलैचा पाऊस घरानं एकट्यानं झेलायचा. आतून भिंतींचा जांभा चिरा उघडा असला की कुठून पाणी येतं ते लगेच दिसतं. गिलाव्यामागे ते चार फूट फिरून भलतीकडेच उमटतं आणि माणूस भलतीच जागा फोडतो. दर मोठ्या पावसानंतर ओल आली तिथे कोळशानं खूण करायची, उघडीप मिळाली की बाहेरून चिऱ्यांच्या सांध्यांतल्या दर्जा भरायच्या. लावणी उरकून माणसं मोकळी झाली की गिलावा, ऑक्टोबरच्या उन्हात सुकणं आणि मग रंग.

पश्चिमेची भिंत खरी परीक्षा देणार. चिरा पाणी पितो, आणि आपल्याकडचा पाऊस सरळ पडतच नाही. त्या बाजूला छपराची पागोळी तीन फूट बाहेर काढणार आहे. त्याहून जास्त काढायचा मोह आवरला, कारण वारा खालून शिरतो आणि छप्पर उचलतो. ३ जून २०२० ची दुपार आपण तिघांनी पाहिलेली आहे, मी काय सांगू! निसर्ग वादळात आपली कौलं नुसत्या वजनावर बसलेली होती. या वेळी छपराच्या कैच्यांचे बोल्ट स्लॅबच्या बीममध्ये, काँक्रीट पडायच्या आधीच उभे करून घेतले. मंगलोरी कौलांच्या खालच्या दोन ओळी आणि कडेची सगळी कौलं तारेनं बांधणार. माथ्यावरची कोनी सिमेंटात बसवणार, मात्र पातळ थरात. जाड थर उन्हानं तडकतो आणि त्याच फटीतून गळती सुरू होते.

बाबा, स्लॅबचा हिशोब तुम्हाला हवा असणार, लिहून घ्या. ९०० चौरस फूट, जाडी ५ इंच, बीम धरून सुमारे ४७५ घनफूट काँक्रीट. सिमेंट ११० पोती, सळी १,२०० किलोच्या आसपास. प्रमाण एक, दीड, तीन. घमेल्यांनी मोजू दिलं नाही, कारण घमेलं कधी शिगेला भरतात कधी सपाट. सव्वा घनफुटाचा फर्मा करून घेतला. एक पोतं सिमेंट म्हणजे तेवढंच, त्याला दीड फर्मा क्रश सँड आणि तीन फर्मे खडी. पाणी पोत्याला २५ लिटर. दुपारी उन्हात माल घट्ट वाटायला लागला की माणसं पाइप सोडतात. माल पसरायला सोपा जातो, पण जादा पाणी उडून गेलं की मागे बारीक पोकळ्या राहतात आणि पुढे त्यातून सळीला गंज चढतो. मिक्सरशी मीच उभी राहिले. ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे ठोकळे सहा भरले होते. तिघांचा ७ दिवसांचा निकाल परवा आला, सरासरी १४.३ न्यूटन, दर चौरस मिलिमीटरला. २८ दिवसांनी २० लागतात, त्या मानानं आपण बरोबर वाटेवर आहोत. उरलेले तीन १७ एप्रिलला दाबतील.

एक चूक झाली होती, ती लपवत नाही. बीमवरून जाणाऱ्या वरच्या सळ्यांना आधार देणारे घोडे फार लांब लांब ठेवले होते. माणसं वरून चालली की सळी दबून खाली जाते, आणि जिथे स्लॅब वरून ताणला जातो तिथेच लोखंड उरत नाही. मग वर्षा-दोन वर्षांत बीमच्या कडेनं सरळ रेघेसारखी भेग येते. आदल्या संध्याकाळी ते दिसलं. रात्री दिवे लावून घोडे वाढवले, चालायला फळ्या टाकल्या, सळी तळापासून उचलून धरणारे खालचे कव्हर ब्लॉक खडीच्या तुकड्यांऐवजी २० मिलिमीटरचे सिमेंटचे घातले. गवंडी रागावला, पण सकाळी त्यानंच सगळं पुन्हा तपासलं. त्याला तुम्ही फोन करून काही बोलू नका. माणूस चांगला आहे.

आता स्लॅबवर सिमेंटच्या बारीक मेरा घालून आळी केली आहेत, त्यांत दोन इंच पाणी उभं आहे. आई, वरून बघितलं तर थेट तुझ्या भाताच्या रोपाचे वाफे.

पायाला वाळवीचं औषध झालंय. चिऱ्याची एक गाडी परत पाठवली, आतून मातीच्या पोकळ्या होत्या आणि ठोकलं की बद्द आवाज येत होता. बाकीचा खणखणीत आहे. खाणीतून नुकता निघालेला चिरा मऊ असतो, हवा लागून कडक होतो, म्हणून महिनाभर रचून ठेवूनच भिंतीत घेतला. शौचालयाची टाकी विहिरीपासून ५० फुटांवर, उताराच्या बाजूला. जांभ्यातून पाणी झपाट्यानं झिरपतं, तिथे तडजोड केली नाही. आणि काकांच्या बाजूची हद्द: भिंत मी मुद्दाम तीन फूट आत घेतली. बाबा, जागा सोडली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आपल्या पागोळ्या आपल्याच अंगणात पडाव्यात, एवढाच हेतू आहे. त्या विषयावर आता घरात कुणी काही बोलायचं नाही.

तुमची खोली माजघराच्या जागी, पूर्वेला. खिडकी जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवली आहे, म्हणजे पलंगावर पडल्या पडल्या खळं आणि फणस दिसेल. फणस तोडलेला नाही. न्हाणीघर खोलीला लागूनच. रात्री टॉर्च घेऊन मागच्या पडवीतून जायचे दिवस संपले. दार तीन फुटी आणि बाहेर उघडणारं. आत कुणी घसरून पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर ते माणसाच्याच अंगावर अडकतं. कमोड १८ इंच उंच. धरायच्या दांड्यांसाठी भिंतीत तेवढ्या जागी काँक्रीटचे ठोकळे घातले, कारण चिऱ्यात बोल्ट धरत नाही, महिन्याभरात खुळखुळतो. आई, दांडी बघून "मी काय म्हातारी झाले का" असं म्हणायचं नाही. मीही धरणार आहे. पलंगाशी दिव्याचं बटण आहे, दाराशीही तेच.

जोतं दोन फूट. जुन्या नऊ-नऊ इंची पायऱ्या गेल्या, आता सहा इंचांच्या चार. शेजारी उतारही केला, एका फुटाला बारा फूट या हिशोबानं २४ फूट लांब, मध्ये वळण आणि थांबायला पाच फुटांची सपाट जागा. आज तुम्हाला तो लागत नाही आणि लागू नयेच. पण नंतर तो करायला जागा उरत नाही.

स्वयंपाकघराचा ओटा ३१ इंचांवर. लोक ३४ करतात, पण मग आईचे खांदे वर चढतात आणि रात्री शेक मागतात. चूल ठेवली आहे, मागच्या पडवीत, धूर बाहेर जाईल अशी. पाट्या-वरवंट्यालाही तिथेच जागा. माजघराची चौकट खालून सहा इंच वाळवीनं खाल्ली होती. तेवढी कापून खाली घडीव दगड बसवला आणि तीच चौकट तुमच्या खोलीला लावली. कापायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलं माझं. वरचं कोरीव काम जसंच्या तसं आहे.

रात्री इथे झोपताना तुझी भांडी आठवतात, आई. पाऊस सुरू झाला की न बघता, अंधारात, कुठल्या गळतीखाली तपेली आणि कुठल्या गळतीखाली घंगाळ ते तुला माहीत असायचं, आणि मला गोधडीसकट उचलून कोरड्या कोपऱ्यात ठेवायचीस. त्या कोपऱ्यातच तुझा पलंग येतोय.

आणि गणपती. ते आधी लिहायला हवं होतं, पण हात अडखळला. माईआत्याची खोली मी पाडलेली नाही. गणपती तिथेच बसेल, दरवर्षीच्याच पाटावर. तुम्ही दोघं चार दिवस येणार आहातच. तोवर न्हाणीघर वापरात असेल. काकांकडे मागायला जावं लागणार नाही.

आता माझं ऐका. उन्हात एसटीनं इकडे निघायचं नाही. १० एप्रिलला टेकू काढताना बघायचंच असेल तर दादा गाडीनं आणेल, आणि वर चढायचं नाही, खालून बघायचं. बाबा, सकाळी सहाला गवंड्याला फोन लावून खिडक्या हलवू नका. काही सुचलं तर मला सांगा, मी ऐकते. एफडी मोडू नका. पैसे लागले तर मी तोंडानं मागेन. दम्याचा पंप वेळेवर घ्या, बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. आई, डोळ्यांत थेंब दोन वेळा, आणि गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघताना झाले तरी चालतील. वहिनीला तिच्या स्वयंपाकघरात मदत कर, पण तिचे डबे लावून ठेवू नकोस. ती काही बोलणार नाही, पण मग तिला काही सापडत नाही.

बाबा, एक माप लागतंय. ओटीवर झोपाळ्याच्या चार कड्या २० मिलिमीटर सळीच्या, बीमच्या लोखंडाखालून अडकवून काँक्रीटमध्येच घेतल्या; मागाहून भोक पाडून बसवलेल्या कडीवर माझा विश्वास नाही. आता साखळीची लांबी ठरवायची आहे. जुना झोपाळा उंच होता, तुमच्या टाचा टेकत नसत आणि उतरताना तुम्ही पुढे झुकायचात. अनवाणी, लाकडी खुर्चीत ताठ बसा, पाय जमिनीवर सपाट, आणि गुडघ्याच्या मागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत वहिनीला मोजायला सांगा. इंचात नको, सेंटिमीटरमध्ये. आईचंही मोजा. दोघांत जे कमी भरेल ते कळवा, फळी त्या उंचीवर बांधते.

तुमची,
बाय