पाठ फिरवून बसा

डेव्हनपोर्ट, ऑकलंड

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार. शेजारच्या आजोबांनी तो स्फोट खरंच पाहिला का, असं तू विचारलंयस. पाहिला, आणि एकच नाही! ‘ऑपरेशन ग्रॅपल’मध्ये ब्रिटिशांनी प्रशांत महासागरात हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्या घेतल्या. पहिला स्फोट १५ मे १९५७ ला माल्डन बेटाजवळ, नंतरचे बरेचसे ख्रिसमस बेटाच्या आसपास. न्यूझीलंडने पुकाकी आणि रोटोइटी या दोन फ्रिगेट जातीच्या युद्धनौका धाडल्या होत्या. आजोबा पुकाकीवर, मिसरूड फुटायच्या वयाचे. काम काय, तर फुगे सोडून वरचा वारा मोजायचा.

हुकूम आला की सगळ्यांनी डेकवर स्फोटाकडे पाठ करून बसायचं, डोळे गच्च मिटायचे, वर तळहात दाबायचे. तरी हातांची हाडं दिसली म्हणतात. मिटल्या डोळ्यांना, अरे! मग पाठीमागे कुणी भट्टीचं दार उघडावं तशी धग. वळायची परवानगी मिळाली तेव्हा ढग वर चढत होता, आवाज मात्र बऱ्याच वेळाने आला. ‘दिसायला फार देखणं होतं,’ हे ते जरा चोरट्यासारखं सांगतात. मला तर त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. पोरसवदा माणूस दुसरं काय बघणार?

मला खटकतं ते वेगळंच. प्यायला, अंघोळीला पाणी त्याच समुद्राचं, इव्हॅपोरेटरमध्ये वाफ करून गोडं केलेलं. इव्हॅपोरेटर काय चीज आहे ते तुला मी काय सांगू, जन्म गेला तुझा त्याच्याशी झगडण्यात. त्यात काय येतंय हे त्या पोरांना कोण सांगणार होतं? पुढे २००७ मध्ये मॅसी विद्यापीठाच्या संशोधकांनी या चाचण्यांवरच्या ५० नौसैनिकांच्या रक्ताच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. गुणसूत्रांचे तुकडे तुटून भलतीकडे जुळल्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. स्फोटानंतर पन्नास वर्षांनी! सरकारने चाचण्यांसाठीचं पदक काढलं तेही २००२ साली. आजोबांना पदकाचं विचारलं, तर ते हवामानाच्या फुग्यांवर घसरले. फुगा हातातून सुटायचा, डेकवर कशी पळापळ व्हायची, अधिकारी कसा तापायचा, हेच तासभर.

तू जूनमध्ये येतोयस हे त्यांना सांगितलंय. इंजिनरूमचा माणूस म्हटल्यावर खूश झाले, प्रश्नांची यादीच तयार आहे. तेव्हा तयारीने ये, आणि स्वेटर आण, इथे तेव्हा थंडी असते. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरुण