शेजाऱ्यांकडची किल्ली

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्या धरणाचं काम एवढं का रखडलंय? लोक अडवतायत का?" तेवढ्यात रेंज गेली आणि उत्तर राहूनच गेलं. तसंही दोन वाक्यांत सांगून मोकळं होण्यासारखं नव्हतं, म्हणून आज लिहायला बसले.

नोकरीला लागले तेव्हा माझाही समज तोच होता, की मोठी कामं लोकांच्या विरोधामुळे अडतात. पण बेंट फ्लिवबर्ग या डॅनिश अभ्यासकाने सहकाऱ्यांबरोबर २० देशांतल्या २५८ रस्ते, रेल्वे, पूल नि बोगद्यांचे हिशेब तपासून २००२ साली मांडले. दहातल्या नऊ कामांचा खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेलेला होता. रेल्वेचा तर सरासरी ४५ टक्क्यांनी. त्यांचा निष्कर्ष कडक आहे: मंजुरी पदरात पडावी म्हणून आकडा मुळातच कमी दाखवला जातो. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं २०१२ सालचं उद्घाटन महिनाभरावर आलं असताना रद्द झालं, ते आगीच्या वेळी धूर बाहेर काढणारी यंत्रणा तयार नव्हती म्हणून. विमानं उडायला २०२० उजाडलं. खापर मात्र बहुतेक वेळा लोकांवरच फुटतं.

आता माझं सांगते. मागच्या महिन्यात बुडीत क्षेत्रातल्या, म्हणजे धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या, एका वस्तीत घरांची मोजणी होती. दारांवर लाल रंगाने नंबर टाकायचा, खोल्या मोजायच्या, झाडं मोजायची, पंचनामा लिहायचा. त्यावर दोन पंचांच्या सह्या लागतात. एकट्या राहणाऱ्या एका आजींच्या घरी आम्ही थांबलो, तर त्यांनी भिंतीवर थाप मारून पलीकडच्या घरातून एकाला आणि समोरच्या घरातून एका बाईंना बोलावलं. ते दोघे अशा सवयीने आत आले की त्यांना चष्मा कुठे, औषधाची पिशवी कुठे, सगळं ठाऊक. आजींचं अक्षर लागेना तेव्हा समोरच्या बाईंनी त्यांचा हात धरून सही करवून घेतली.

नंतर कार्यालयात चिठ्ठ्या टाकून नव्या जागेचे भूखंड वाटले गेले. तिन्ही घरं तीन वेगवेगळ्या पुनर्वसन वसाहतींत गेली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर, मोबदल्यात एक पैसा कमी नाही. यादी टाईप करताना माझा हात थांबला. पंचनाम्यात घर, जमीन, विहीर, झाडं सगळ्याला रकाना आहे. भिंतीवर थाप मारली की धावत येणाऱ्या माणसाला नाही.

आणि मला तुमची जादा किल्ली आठवली, शेजारच्या काकूंकडे असते ती. आई, तुला चक्कर आली होती त्या रात्री दार उघडून आत कोण आलं? मी नव्हते. मी इतक्या लांब निर्धास्त नोकरी करते ती त्या किल्लीच्या जोरावर.

हे काही माझं हळवेपण नव्हे. जागतिक बँकेत काम केलेले समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी विस्थापनाचे आठ धोके नोंदवलेत. जमीन, रोजगार, घर जाणं हे तर आहेच. शेवटचा धोका म्हणजे माणसांची वीण उसवणं. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण झालं तेव्हा सुमारे ५७,००० टोंगा लोकांना उठवलं. त्यांचे सोयरे नदीच्या दोन्ही तीरांवर होते, होडीने जाणंयेणं होतं. मध्ये समुद्रासारखा तलाव पसरला नि एकाच समाजाचे दोन देशांत दोन तुकडे झाले. धरणाच्या विजेच्या तारा दूरच्या शहरांकडे गेल्या. टोंगांच्या कितीतरी गावांत पुढची अनेक दशकं दिवा लागला नाही. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर हे दोन अभ्यासक १९५६ पासून या लोकांमध्ये जात राहिले, म्हणून हे आज कळतं तरी. जगभरात धरणांनी ४ ते ८ कोटी माणसं हलवली असा जागतिक धरण आयोगाचा २००० सालचा अंदाज आहे. अंदाजातच ४ कोटींची तफावत! काँक्रीटच्या हिशेबात अशी तफावत कुणी खपवून घेतली असती का?

बाबा, म्हणून धरणं, रेल्वे नकोत असं मी म्हणत नाही. नेदरलँड्समध्ये १९५३ च्या समुद्री पुरात १,८३६ माणसं गेली. बांध घालणं भागच होतं. ऑस्टरस्खेल्डेची खाडी कायमची बंद करायची ठरली होती, काम सुरूही झालं होतं. पण कालवं आणि शिंपल्यांवर पोट असलेले लोक आणि निसर्गप्रेमी उठले, तेव्हा सत्तरच्या दशकात सरकारने आराखडाच बदलला. बांधाच्या जागी ६२ पोलादी दरवाजे आले. एरवी उघडे, वादळ आलं की बंद. खर्च वाढला, वर्षं गेली, १९८६ मध्ये काम पुरं झालं. आज भरती-ओहोटी आत येते आणि माणसंही सुरक्षित आहेत. हा वेळ 'वाया गेला' असं मी कधीच म्हणणार नाही. लोक सुरुवातीलाच विचारात घेतले असते तर तोही वाचला असता.

मी वरिष्ठांना टिपण दिलंय: चिठ्ठी घरागणिक टाकू नका, गल्लीगणिक टाका, म्हणजे शेजार एकत्र हलेल. नकाशे पुन्हा काढावे लागतील, तीनेक महिने जातील. एक साहेब चिडलेत, एकांनी टिपण ठेवून घेतलंय. मंगळवारी बैठक आहे. आजींना मी काहीच कबूल केलेलं नाही, करूही शकत नाही.

आई, रात्रीची गोळी चुकवू नकोस. काकूंना माझा नमस्कार सांग. आणि बाबा, सोमवारी संध्याकाळी फोन करा, बैठकीआधी तुमच्याशी बोलायचंय.

तुमची,
ताई