तासगावच्या काकूंना, बेदाण्याच्या पाण्यासाठी

काकू,

साष्टांग नमस्कार. हे पत्र घरी आणून दिलं असतं तर तुम्ही घडी घालून पिशवीत ठेवलं असतं आणि कुणाला दाखवलं नसतं. म्हणून चारचौघांत लिहितेय.

मार्चमधली ती साखरपुड्याची ऑर्डर आठवते ना? साठ माणसांचा मसालेभात आणि प्रत्येक टेबलावर एक प्लॅटर: चीज, खारे दाणे, कडक भाकरीचे तुकडे, बेदाणे, जर्दाळू. ताटं परत आली तेव्हा भातातले बेदाणे लोकांनी वेचून कडेला सारले होते. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला सांगलीचा बेदाणा, आणि सांगलीतच त्याची ही गत! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. इतकी वर्षं शेडवर बेदाणा निवडलेली तुमची बोटं, एक दाणा दाबून पाहिलात आणि म्हणालात, "ह्याला तहान लागलीया पोरी. चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा किलोभर बेदाणा होतो. थोडं पाणी परत द्यायला नको?"

मग ओट्याशी उभ्या राहिलात. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते, म्हणून आधी तो कोमट पाण्यात खळबळून घेतलात. वाटीभर बेदाण्याला वाटीभर पाणी, त्यात बोटाच्या पेराएवढी दालचिनी, चार-पाच मिरे, एक तमालपत्र, चिमूटभर मीठ. लवंगा दोनच, मी तिसरी टाकायला गेले तर हात धरलात. पाणी उकळल्यावर गॅस बंद केलात आणि मी लगेच बेदाणे ओतणार तोच थांबवलंत. करंगळी बुडवून आत ठेवता आली, तेव्हा बेदाणे सोडलेत. उकळत्यात घातले की साल फाटते, गोडी पाण्यात जाते आणि दाणा लिबलिबीत होतो, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

अर्ध्या तासात ते टपोरे झाले. खाल्ला तर आधी मिरी लागली, मग दालचिनी आणि गोडवा सगळ्यात शेवटी. आणि उरलेलं तपकिरी पाणी मी मोरीत ओतणार होते! तुम्ही ते भाताच्या आधणात घातलंत. तुमच्यामुळे ते पाणी आता मी अख्ख्या मसुरातही घालते.

प्लॅटरसाठी मी एक बदल केलाय, रागावू नका. जर्दाळू अर्धे चिरून त्याच पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवते आणि वरून चमचाभर लिंबू पिळते. चीजच्या खारटपणाला ते छान लागतात. परवाच्या डोहाळजेवणात ती वाटी सगळ्यात आधी रिकामी झाली, दोनदा भरावी लागली.

काकू, तुम्ही त्या दिवशी माझ्याकडून चहाच तेवढा घेतलात. रविवारी तासगावला येतेय, तुमचा स्टीलचा डबा परत द्यायला. रिकामा आणणार नाही. चाखून बघा आणि लवंग जास्त झाली असेल तर तोंडावर सांगा.

तुमची,
सांगलीची डबेवाली पोर